दोन मिनिटांचा व्हिडिओ डॉक्टरला काय शिकवतो?

शस्त्रक्रियेच्या आधी तयारी म्हणून तुम्ही काय पाहता? अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात हा प्रश्न विचारून केलेली एक पाहणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. उत्तरं देणाऱ्यांत वैद्यकीय विद्यार्थी होते, निवासी डॉक्टर होते आणि त्यांना शिकवणारे सर्जनही होते. दहातले नऊ जण म्हणाले, व्हिडिओ पाहतो. कुठे पाहता, याला सर्वांत जास्त आलेलं उत्तर होतं यूट्यूब.

तेव्हापासून व्हिडिओ आणखी आखूड झाले आहेत. ईसीजीवरचा एखादा फरक, सोनोग्राफीचा प्रोब धरायची पद्धत, जखमेला टाका घालायची एखादी युक्ती असं काहीही आता मिनिट-दोन मिनिटांत पाहायला मिळतं, तेही वॉर्डात दोन रुग्णांच्या मधल्या वेळात. डॉक्टर नसलेल्या माणसाला हे कळलं की पोटात गोळा येतो. आपला डॉक्टर रील पाहून शिकतो की काय?

ही भीती समजण्यासारखी आहे, पण ती थोडी चुकीच्या जागी बसली आहे असं मला वाटतं. डॉक्टरनं व्हिडिओ पाहिला यात घाबरण्याजोगं काही नाही. व्हिडिओ संपल्यावर तो काय करतो, तिथे खरं पाहायला हवं.

## डॉक्टर झाल्यावरही शिकायचं का असतं?

कारण वैद्यकशास्त्र थांबत नाही. पबमेड या संशोधन-सूचीत दर वर्षी दहा लाखांहून जास्त नव्या नोंदी पडतात. कोणताही माणूस एवढं वाचू शकत नाही, आणि त्यातलं बरंचसं त्याच्या कामाचंही नसतं. पण जे थोडं कामाचं असतं, ते मोलाचं असतं. हृदयविकाराच्या झटक्यात प्रत्येक रुग्णाला ऑक्सिजन लावायचा, हे डॉक्टरांच्या कित्येक पिढ्या शिकल्या. रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण ठीक असेल तर त्याचा फायदा होत नाही, हे २०१७ साली स्वीडनमधल्या मोठ्या चाचणीत दिसलं आणि मार्गदर्शक सूचना बदलल्या. पंधरा वर्षांपूर्वी पदवी घेतलेल्या डॉक्टरला हे कोणी तरी सांगायला हवं ना?

त्यासाठी जी व्यवस्था असते तिला निरंतर वैद्यकीय शिक्षण म्हणतात. परिषदा, व्याख्यानं, कार्यशाळा, नियतकालिकं आणि त्याबद्दल मिळणारे क्रेडिट पॉइंट हे तिचं नेहमीचं रूप. अडचण वेळेची असते. ज्या डॉक्टरला शिकण्याची सर्वांत जास्त गरज असते, तोच बहुधा एकटा दवाखाना सांभाळत असतो आणि दोन दिवस परिषदेला जाणं त्याला परवडत नाही. छोटा व्हिडिओ शिरला तो या फटीतून.

## वाचून कळत नाही असं काय असतं?

हालचाल. कूस बदलली की घर गरगर फिरायला लागतं, अशी तक्रार घेऊन आलेला रुग्ण डोळ्यांपुढे आणा. कानाच्या आत तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्यांत कॅल्शियमचे बारीक कण सरकले की अशी चक्कर येते. डॉक्टर तिला बीपीपीव्ही म्हणतात. निदानासाठी रुग्णाला बसवून त्याची मान एका बाजूला ४५ अंश वळवायची, त्याला पटकन आडवं करायचं, डोकं पलंगाच्या कडेखाली थोडं झुकू द्यायचं आणि त्याच्या डोळ्यांकडे पाहत राहायचं. काही सेकंद काहीच होत नाही. मग बुबुळं हलू लागतात. वरच्या दिशेनं झटके बसतात आणि त्याच वेळी बुबुळ स्वतःभोवती किंचित फिरतं. मिनिटभराच्या आत सगळं शांत होतं.

हे वरचं वर्णन मी जमेल तितकं नीट लिहिलं आहे. तरीही ते वाचून कोणाला ती हालचाल ओळखता येईल असं मला वाटत नाही. वीस सेकंदांचा व्हिडिओ एकदा पाहिला की ती ओळखता येते. आणि ती ओळखणं महत्त्वाचं असतं. झटके थांबतच नसतील, किंवा सरळ खालच्या दिशेनं असतील, तर दुखणं कानात नसून मेंदूत असल्याची शंका घ्यावी लागते.

नवजात बाळाच्या श्वासाचंही तसंच. बाळाला श्वास घ्यायला त्रास होत असेल तर नाकपुड्या फुलतात, फासळ्यांमधली त्वचा आत ओढली जाते आणि श्वास सोडताना कण्हल्यासारखा आवाज येतो. हा आवाज कोणत्याही पुस्तकात छापता येत नाही. ग्लोबल हेल्थ मीडिया प्रोजेक्ट या संस्थेनं नेमके असे व्हिडिओ अनेक भाषांत केले आहेत, तेही प्रसूतिकक्षात काम करणाऱ्या परिचारिका आणि सुईणींसाठी. ते उतरवून घेता येतात, म्हणजे इंटरनेट तुटलं तरी अडत नाही. जिथे बालरोगतज्ज्ञ शंभर मैलांवर आहे तिथे असा व्हिडिओ जीव वाचवण्याच्या कामी येऊ शकतो, असं मी मनापासून मानतो.

## पण इतका आखूड कशाला?

हल्लीच्या पिढीचं लक्षच टिकत नाही, असं म्हणून हा प्रश्न झटकला जातो. खरं कारण जुनं आहे आणि ते सगळ्या वयांना लागू पडतं. ऑस्ट्रेलियातले मानसशास्त्रज्ञ जॉन स्वेलर यांनी १९८८ साली मांडलं की नवी गोष्ट शिकताना मेंदूच्या तात्पुरत्या स्मृतीवर ताण येतो आणि तिची जागा फार थोडी असते. मोजक्याच गोष्टी एका वेळी तिथे मावतात. नंतर कॅलिफोर्नियातल्या रिचर्ड मेयर यांनी चित्र आणि आवाज एकत्र वापरून कसं शिकवावं यावर अनेक वर्षं प्रयोग केले. त्यांतून निघालेल्या सूचना साध्या आहेत. विषय छोट्या तुकड्यांत द्या, महत्त्वाच्या जागेवर बाण दाखवा, मागचं संगीत आणि सजावट काढून टाका, आणि जे बोलताय तेच अक्षरश: पडद्यावर लिहू नका. (शेवटची सूचना वॉर्डात थोडी अडते. तिथे बरेच जण आवाज बंद करूनच पाहतात, आणि बहिऱ्या डॉक्टरांनाही मजकूर लागतोच.)

चांगला छोटा व्हिडिओ या सूचना आपोआप पाळतो, कारण त्यात फापटपसाऱ्याला जागाच नसते.

इथे एक आकडा हटकून सांगितला जातो. एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या मंचावर व्हिडिओ पाहिल्याच्या ६९ लाख नोंदी संशोधकांनी तपासल्या आणि २०१४ साली निष्कर्ष मांडला: व्हिडिओ कितीही लांब असो, लोक साधारणपणे जास्तीत जास्त सहा मिनिटं पाहतात. त्यावरून सहा मिनिटांत शिकणं उत्तम होतं असा अर्थ काढला जातो, आणि तो चूक आहे. लोक किती वेळ बसले हे त्या नोंदींतून कळतं. ते किती शिकले हे कळत नाही. लोकांनी शेवटपर्यंत पाहिलेला व्हिडिओ चांगला शिकवणारा असेलच असं नाही.

## पाहिलं आणि जमलं यांत किती अंतर?

शिकागो विद्यापीठातल्या मायकेल कार्डास आणि एड ओब्रायन यांनी २०१८ साली काही प्रयोग प्रसिद्ध केले. भांडी न हलवता टेबलावरचा कपडा खसकन ओढणं, डार्ट फेकणं, असल्या करामतींचे व्हिडिओ त्यांनी लोकांना दाखवले, काहींना एकदा तर काहींना वीसदा. ज्यांनी वीसदा पाहिले त्यांना वाटलं की आता आपल्यालाही जमेल. प्रत्यक्ष डार्ट फेकायला लावल्यावर मात्र ते एकदाच पाहणाऱ्यांपेक्षा सरस ठरले नाहीत. पाहून वाढला तो आत्मविश्वास. कौशल्य होतं तिथेच राहिलं.

गाडीत शेजारच्या सीटवर बसून आपण एखाद्या रस्त्यानं दहादा जातो, आणि पहिल्यांदा स्वतः चालवायची वेळ आली की कोणत्या चौकात वळायचं तेच आठवत नाही. व्हिडिओत रुग्णाच्या शरीरात सुई घालताना पाहतानाही हेच घडतं. पाहणाऱ्याला सुईचा कोन दिसतो. ती शरीरातला पडदा भेदते तेव्हा हाताला जाणवणारा हलकासा झटका त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. रुग्ण हलला तर काय करायचं, हेही नाही, कारण व्हिडिओतला रुग्ण कधी हलत नाही.

वैद्यकीय शिक्षणात जॉर्ज मिलर यांनी १९९० साली मांडलेल्या चार पायऱ्या अजून वापरतात: माहीत आहे, कसं करायचं ते माहीत आहे, करून दाखवू शकतो, आणि रोजच्या कामात खरोखर करतो. व्हिडिओ पहिल्या दोन पायऱ्यांवर झपाट्यानं नेतो. तिसरीसाठी बाहुला किंवा सिम्युलेटर लागतो, आणि चुकलं की थांबवणारा माणूस लागतो. चौथीसाठी खरा रुग्ण आणि शेजारी उभा असलेला वरिष्ठ. यात सोपी वाट कोणालाही सापडलेली नाही.

ज्ञानाच्या बाबतीतही पाहिलेलं पटकन विरतं. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली दाखवलेला फरक इथे फार उपयोगी आहे. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा वाचला. काहींनी पुन्हा न वाचता, आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं घेतली तेव्हा लिहून काढणाऱ्यांना ५६ टक्के भाग आठवत होता, पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के. म्हणजे व्हिडिओ पुन्हा लावण्यापेक्षा फोन बाजूला ठेवून ‘आता पायऱ्या सांग पाहू’ असं स्वतःला विचारणं जास्त फळतं. हार्वर्डमधले प्राइस केरफूट यांनी तर मूत्ररोग शिकणाऱ्या निवासी डॉक्टरांना दिवसांच्या अंतरानं ईमेलवर छोटे प्रश्न पाठवून ज्ञान जास्त टिकतं हे दाखवलं.

म्हणून ज्या व्हिडिओच्या शेवटी एक प्रश्न असतो आणि तोच प्रश्न आठवड्यानं पुन्हा समोर येतो, त्याला मी शिक्षण म्हणेन. पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होत असेल तर आधीचा आठवायला सवडच मिळत नाही.

## साठ सेकंदांत बसवताना काय गळतं?

‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकाच्या प्रक्रिया शिकवणाऱ्या व्हिडिओंची रचना पाहण्यासारखी आहे. ही प्रक्रिया कधी करायची, कोणावर करायची नाही, साहित्य काय लागतं, कशी करायची, काय बिघडू शकतं, असा क्रम असतो. आता हेच एका मिनिटात बसवायचं म्हटलं तर कात्री कुठे लागेल? पाहायला रंजक भाग ‘कशी करायची’ हा. तो राहतो. बाकीचे जातात.

आणि जे जातं, त्यात जिवाशी गाठ असते. मणक्यातून पाणी काढण्याची तपासणी घ्या. सुई कुठे आणि कशी घालायची हे सुंदर दाखवता येतं. पण मेंदूत गाठ असून कवटीतला दाब वाढलेला असेल आणि खालून पाणी काढलं, तर मेंदूचा भाग खाली सरकून रुग्ण दगावू शकतो. हे एक वाक्य गाळलेला व्हिडिओ तांत्रिकदृष्ट्या अचूक असतो आणि तरीही धोकादायक असतो.

दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याच्या शस्त्रक्रियेत हे आणखी ठळक दिसतं. पित्ताशयाची छोटी नळी आणि यकृताकडून येणारी मुख्य पित्तनलिका जवळजवळ असतात. चुकून मुख्य नलिका कापली गेली तर रुग्णाच्या वाट्याला पुढच्या मोठ्या शस्त्रक्रिया येतात. ते टाळण्यासाठी सर्जन स्टीव्हन स्ट्रासबर्ग यांनी १९९५ साली एक कसोटी सांगितली. तिथल्या त्रिकोणातली चरबी आणि चिकटलेले तंतू पूर्ण साफ करायचे, पित्ताशयाचा खालचा भाग यकृतापासून सोडवायचा, आणि पित्ताशयात जाणाऱ्या दोन आणि दोनच गोष्टी डोळ्यांना दिसल्याशिवाय काहीही कापायचं नाही. लोकांनी खूप पाहिलेले या शस्त्रक्रियेचे व्हिडिओ तज्ज्ञांनी तपासले तेव्हा बहुतेकांत ही कसोटी समाधानकारक पूर्ण झालेली दिसली नाही.

मला यात संकलनाचाही हात दिसतो. चरबी सावकाश साफ करत राहणं कंटाळवाणं असतं, म्हणून संकलकाची कात्री आधी तिथेच चालते. नवशिक्या डॉक्टरला मग वाटतं की कुशल सर्जन झरझर पुढे जातो. रुग्ण सुरक्षित राहतो तो त्या कंटाळवाण्या वीस मिनिटांमुळे.

## इतक्या लोकांनी पाहिलाय, म्हणजे बरोबरच असेल ना?

कूस बदलल्यावर येणाऱ्या त्या चक्करवरचा उपाय म्हणजे एप्ली प्रक्रिया. त्यात डोकं ठरावीक क्रमानं वळवून कानातले ते कण जागेवर आणतात. यूट्यूबवर ही प्रक्रिया दाखवणारे ३३ व्हिडिओ २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तपासले गेले. त्यांतल्या २१ मध्ये ती अचूक होती. त्यांत दिलासा देणारी बाब अशी की सर्वांत जास्त पाहिला गेलेला व्हिडिओ मेंदूरोगतज्ज्ञांच्या अमेरिकन संघटनेनं केलेला होता. पण बारा व्हिडिओ चुकीचे होते, आणि पाहणाऱ्याला नुसतं पाहून ते कळणार कसं?

कोणता व्हिडिओ पुढे आणायचा हे अल्गोरिदम ठरवतो, म्हणजे लोक कशावर थांबतात, काय पुढे पाठवतात याचा हिशेब ठेवणारी संगणकीय पद्धत. दुर्मीळ आजार, नाट्यमय शस्त्रक्रिया आणि पटकन केलेलं अचूक निदान तिथे चालतं. औषधाचा डोस बाळाच्या वजनानुसार दोनदा तपासण्यावरचा व्हिडिओ कोण पुढे पाठवेल? रोजच्या कामात रुग्णाला अपाय होतो तो मात्र अशाच ठिकाणी. त्यामुळे काय पाहायचं हे विभागातल्या शिक्षकांनी ठरवावं, त्यांनी निवडलेली यादी असावी, आणि प्रत्येक व्हिडिओवर तो कोणी तपासला, कधी तपासला आणि करणाऱ्याला उपकरण किंवा औषध कंपनीकडून काही मिळालं का, हे लिहिलेलं असावं.

## जुनी तर पुस्तकंही होतात

होतात, पण पुस्तकावर आवृत्ती आणि साल छापलेलं असतं. छातीवर दाब देऊन हृदय पुन्हा सुरू करण्याची पद्धत २०१० पर्यंत आधी श्वासमार्ग, मग श्वास, मग दाब अशी शिकवत. २०१० साली क्रम उलटला आणि दाब आधी आला. २०१५ साली मोठ्या माणसासाठी दाबाच्या खोलीला वरची मर्यादाही आली: किमान ५ सेंटीमीटर, पण ६ च्या पुढे नको. २००९ चा उत्तम व्हिडिओ आजही तितकाच स्पष्ट दिसतो आणि चुकीचा क्रम शिकवतो. त्याचा छोटा तुकडा कोणी कापून पुढे पाठवला की तारीखही उरत नाही. यूट्यूबवर तर टाकलेल्या व्हिडिओच्या जागी त्याच दुव्यावर सुधारलेली प्रत ठेवता येत नाही. नवा टाकावा लागतो आणि जुना काढायची आठवण कोणी तरी ठेवावी लागते.

## कॅमेरा स्वतःकडे वळवला तर?

आतापर्यंत दुसऱ्याचे व्हिडिओ पाहण्याबद्दल लिहिलं. माझ्या मते जास्त मोठा बदल स्वतःचं काम पाहण्यातून येईल. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात वजन घटवण्याच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या २० सर्जननी आपल्या एकेका शस्त्रक्रियेचं चित्रीकरण दिलं. कोणाचं आहे हे न सांगता ते सहकारी सर्जननी पाहिलं आणि हाताच्या कौशल्याला गुण दिले. २०१३ साली निकाल प्रसिद्ध झाले. सर्वांत कमी गुण मिळालेल्या गटाच्या रुग्णांत गुंतागुंतीचं प्रमाण १४.५ टक्के होतं, सर्वांत जास्त गुणांच्या गटात ५.२ टक्के. आणि हे सगळे वर्षानुवर्षं ती शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर होते.

यात शिकायला केवढा वाव आहे! दोन मिनिटांचा स्वतःचा तुकडा, त्यावर सहकाऱ्यानं सांगितलेली एक दुरुस्ती, आणि पुढच्या वेळी पुन्हा चित्रीकरण. दुसऱ्याचा व्हिडिओ कधीच सांगत नाही की ‘तुझा डावा हात नुसता बसलाय’. अडसर आहे तो भीतीचा. आपली चूक नोंदली गेली तर ती उद्या कोर्टात येईल का, बढती अडेल का, ही धास्ती खरी आहे. शिकण्यासाठीचं चित्रीकरण आणि शिक्षा करण्यासाठीची चौकशी रुग्णालयानं वेगळी ठेवली तरच लोक स्वतःहून कॅमेरा लावतील.

## आणि व्हिडिओतला रुग्ण?

त्याची परवानगी लागते, आणि ‘शिकवण्यासाठी फोटो काढू का’ एवढं विचारणं पुरेसं नाही. वर्गात दाखवणं वेगळं आणि जगभर पसरणारी क्लिप वेगळी. चेहरा झाकला तरी गोंदण, आवाज, पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख किंवा एखादा फारच दुर्मीळ आजार यांवरून माणूस ओळखू येतो. एकदा बाहेर गेलेला व्हिडिओ परत आणता येत नाही, हे रुग्णाला आधी सांगायला हवं. वेदनेत किंवा भुलीच्या तयारीत असलेल्या माणसाकडून घेतलेल्या होकाराला मी होकार मानत नाही.

## माझा डॉक्टर व्हिडिओ पाहत असेल तर काळजी करू का?

अनुभवी डॉक्टर क्वचित लागणाऱ्या प्रक्रियेआधी पायऱ्या पुन्हा पाहून घेत असेल, तर ती जबाबदारीची खूण आहे. सहा महिन्यांत एकदा लागणारी गोष्ट आठवणीच्या भरवशावर करण्यापेक्षा ते कितीतरी बरं. काळजी करावी ती तेव्हा, जेव्हा त्या व्हिडिओखेरीज दुसरी तयारीच झालेली नसते. आणि हे तुम्ही विचारू शकता: ही प्रक्रिया तुम्ही स्वतः किती वेळा केली आहे, त्या वेळी सोबत अनुभवी कोणी असणार आहे का, आणि काही बिघडलं तर पुढे काय करणार आहात. सरळ, न चिडता ही तीन उत्तरं मिळाली, तर फोनवर आधी काय पाहिलं याला फारसं महत्त्व उरत नाही.